खड्डा मागे गेला तरी स्टीअरिंग थांबत नाही: सॉलिड एक्सलच्या गाडीतला वॉबल कसा शोधायचा

पुलाच्या जोडावरून पुढची चाकं गेली तेव्हा काटा 70 वर होता. पुढच्याच क्षणी स्टीअरिंग डावी-उजवीकडे इतक्या जोरात आपटायला लागलं की टायर फुटला असंच वाटलं. डॅशबोर्ड, आरसा, बॉनेट, सगळं हलत होतं. शेजारी बसलेल्या आईने दरवाज्यावरची मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरली. अॅक्सिलरेटर सोडला, वेग 40 च्या आसपास आला आणि सगळं एकदम शांत झालं. गाडी कडेला घेऊन खाली वाकून पाहिलं. चारही टायर शाबूत, काही लोंबत नाही, कुठे तेल गळत नाही. पुन्हा निघालो, तर पुढचे 15 किलोमीटर गाडी अगदी सरळ चालली.

पुढे सॉलिड एक्सल (दोन्ही चाकं जोडणारी एकच अखंड नळी) असलेली फोर बाय फोर जे रोज वापरतात, म्हणजे ऑफिसला, बाजाराला, मुलांना शाळेत सोडायला, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना हा अनुभव ओळखीचा असेल. इंग्रजीत याला डेथ वॉबल म्हणतात. गॅरेजमध्ये ‘गाडी वॉबल मारते’ एवढं सांगितलं की कळतं. माझ्या गाडीत हे दुखणं दोन वर्षं येत-जात राहिलं. तेवढ्यात स्टीअरिंग डँपर (स्टीअरिंगचे धक्के पिणारा शॉक अॅब्सॉर्बर) दोनदा बदलला, बॅलन्सिंग चारदा केलं, अलाइनमेंट तीनदा. दर वेळी काही आठवडे बरं वाटायचं आणि मग एखाद्या खड्ड्यावर ते परत उगवायचं. शेवटी दोष सापडला तो एका बोल्टच्या भोकात, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. तो दोन वर्षं का सापडला नाही आणि सापडायला काय करावं लागलं, ते सविस्तर लिहितो. या दुखण्यावर पार्ट बदलत राहण्यात लोकांचा खूप पैसा जातो, आणि तोपर्यंत ते घरच्या माणसांना त्याच गाडीत बसवून नेत असतात.

चालत्या गाडीत सुरू झालं तर

हे आधी सांगतो, कारण याचीच गरज सगळ्यात आधी पडते. स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरा, पण त्याच्याशी कुस्ती करू नका. अंगठे स्टीअरिंगच्या चक्राच्या आत अडकवू नका, बाहेर ठेवा. अॅक्सिलरेटर सोडा. गाडी सरळ ठेवून हळूहळू ब्रेक लावा आणि मागच्यांना कळावं म्हणून चारही इंडिकेटर चालू करा. वेग कमी होणं हाच त्या क्षणाचा एकमेव इलाज आहे. कचकन ब्रेक दाबला तर सगळं वजन पुढे येतं, आणि चाकं वेडीवाकडी वळत असताना ते पुढे यायला नको. अॅक्सिलरेटर दाबून ‘यातून बाहेर काढू’ असं म्हणणारेही भेटतात. त्यांचं ऐकू नका. थरथर थांबल्यावर कडेला घ्या आणि पुढचा प्रवास ज्या वेगाला ती येत नाही त्या वेगानेच करा. एकदा झालं, पुन्हा झालं नाही, म्हणून सोडून देऊ नका. ते आपोआप जात नाही.

आधी दुखणं ओळखा

‘स्टीअरिंग हलतं’ या दोन शब्दांत निदान चार-पाच वेगवेगळी दुखणी दडलेली असतात आणि मी स्वतः पहिलं वर्ष यातच घालवलं.

एका ठराविक वेगाला, समजा 85 ते 100 च्या मध्ये, बारीक थरथर सुरू होते आणि त्याहून जोरात गेलं की कमी होते. खड्ड्याशी तिचा संबंध नसतो. हे बहुतेक वेळा चाकांच्या बॅलन्सिंगचं किंवा टायरच्या गोलाईचं काम असतं. फक्त ब्रेक लावल्यावर स्टीअरिंग हलत असेल तर ब्रेक डिस्कची जाडी किंवा सपाटी बिघडलेली असते. अॅक्सिलरेटर दाबल्यावर सीटखालून आणि फरशीतून कंप येतो आणि सोडल्यावर जातो, तेव्हा प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून एक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, तपासा. लिफ्ट केलेल्या, म्हणजे मुद्दाम उंच केलेल्या, गाड्यांमध्ये शाफ्टचा कोन वाढल्यामुळे हे हमखास दिसतं. आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद) टाकून वळताना स्टीअरिंग जड होऊन गाडी अडखळत असेल, तर तो बिघाडच नाही. पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये मधला डिफरन्शियल नसतो, त्यामुळे वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या वेगातला फरक जायला वाट मिळत नाही. टू-हायमध्ये (दोनच चाकांना ताकद) आणा, संपलं.

खरा वॉबल यांपेक्षा वेगळा असतो. त्याला धक्का लागतो: खड्डा, पुलाचा जोड, रस्त्यावरची उंच-सखल शिवण. धक्का मागे जातो तरी हेलकावे थांबत नाहीत, उलट वाढत जातात, आणि गाडी बरीच हळू होईपर्यंत सुटका नसते. हे चित्र जुळत असेल तर पुढचं वाचा.

सॉलिड एक्सललाच हे का होतं

पुढची दोन्ही चाकं एकाच जाड नळीच्या दोन टोकांना असतात. डावं चाक उंचवट्यावर चढलं की अख्खा एक्सल तिरका होतो आणि त्याच्याबरोबर उजवं चाकही. आता भोवरा आठवा. फिरत्या भोवऱ्याला बाजूने टोचलं तर तो टोचलं त्या दिशेला पडत नाही, आडव्या दिशेला घेरी घेतो. फिरतं चाकही तसंच. त्याला तिरकं करायला गेलं की ते वळायला बघतं. वळलं की टायर रस्त्यावर आडवा ओढला जातो, ती ओढ एक्सलला पुन्हा हलवते, एक्सल पुन्हा चाकांना वळवतो. सगळे सांधे घट्ट असतील तर हे चक्र एक-दोन हेलकाव्यांत विरतं. कुठेतरी ढिलाई असेल तर त्या मोकळ्या जागेत चाकांना धाव घ्यायला वाव मिळतो आणि चक्र स्वतःलाच पोसत राहतं.

हे दुखणं नवीन नाही. 1920 च्या दशकात कमी हवेचे फुगीर टायर आणि पुढच्या चाकांचे ब्रेक सर्रास झाले तेव्हा त्या वेळच्या मोटारींत ‘शिमी’ नावाने याने इतका उच्छाद मांडला की इंजिनिअर लोकांना त्यावर खास अभ्यास करावा लागला. 1930 च्या दशकाच्या मध्यापासून साध्या मोटारींत पुढची चाकं एकमेकांपासून सुटी केली गेली, त्यामागे हेही एक मोठं कारण होतं. कामाच्या गाड्यांनी मात्र सॉलिड एक्सल सोडला नाही, कारण दगडधोंड्यांत तो दणकट ठरतो आणि एक चाक वर गेलं की दुसरं जमिनीवर दाबून धरतो. लँड रोव्हर डिफेंडरने तो जानेवारी 2016 मध्ये जुनं मॉडेल बंद होईपर्यंत ठेवला, मर्सिडीजच्या जी-क्लासने 2018 पर्यंत. सुझुकी जिम्नी आणि जीप रँगलर आजही त्याच्यावरच चालतात. तेव्हा तुमच्या गाडीला वॉबल आला म्हणजे गाडी वाईट निघाली असं नव्हे. या रचनेला सांध्यांची ढिलाई खपत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

टायर आधी, कारण तिथे पाना लागत नाही

रविवारी चिखलात गेलेली गाडी सोमवारी ऑफिसला निघते आणि 60-70 ला थरथरते, तर पहिला संशय रिमवर घ्या. रिमच्या आतल्या बाजूला, जी उभ्याने दिसत नाही, तिथे चिखलाचा थर वाळून बसतो. बॅलन्सिंगची शिसं 5-5 ग्रॅमच्या हिशेबाने लावतात. मी एकदा एका रिममधून खरवडलेला चिखल घरच्या काट्यावर ठेवला तर 260 ग्रॅम भरला. 31 इंची टायरचा घेर जवळपास अडीच मीटर. ताशी 70 किलोमीटरला तो सेकंदाला सुमारे आठ फेऱ्या मारतो. म्हणजे पाव किलोचा तो गोळा एक्सलला सेकंदाला आठ वेळा धक्का देत होता. नुसतं वरून पाणी मारून तो निघत नाही. स्टीअरिंग पूर्ण वळवून आतून हात घालावा लागतो, आणि मागच्या चाकांसाठी जमिनीवर आडवं व्हावं लागतं.

हवा तपासा, थंड टायरवर. वाळूत किंवा खडकांत जाताना 18-20 पीएसआयपर्यंत उतरवलेली हवा घरी येताना पुन्हा भरायची राहते, हे आपल्यापैकी प्रत्येकाकडून कधी ना कधी झालंय. डाव्या-उजव्या चाकांत फरक नको. आणि दरवाज्यावरच्या पट्टीत जो आकडा दिलाय तो मूळ मापाच्या टायरसाठी आहे हे लक्षात ठेवा. मोठे टायर टाकले असतील तर रस्त्यासाठीचा आकडा वेगळा निघू शकतो. 2-3 पीएसआय वर-खाली करून एकच खड्डा एकाच वेगाने ओलांडून बघितलं की फरक कळतो.

टायरच दोषी आहेत का हे ठरवायची सोपी युक्ती म्हणजे पुढची चाकं मागे आणि मागची पुढे. थरथर स्टीअरिंगमधून उठून सीटमध्ये आली तर दोष चाकांबरोबर मागे गेला. जागचा हलला नाही तर एक्सलकडे वळा.

टायर आणि बॅलन्सिंग दुरुस्त केल्यावर वॉबल कमी होतो, कधी महिनोन् महिने येत नाही. इथेच मी फसलो. ढिला सांधा तसाच होता, फक्त त्याला जागं करणारा धक्का छोटा झाला होता. पावसात चिखल बसला, हवा थोडी उतरली, की तोच सांधा पुन्हा बोलायला लागायचा. टायरमुळे वॉबल सुरू होऊ शकतो, पण सुरू झालेला वॉबल टिकून राहतो तो ढिलाईमुळे. हे समजल्यावरच माझा शोध नीट सुरू झाला.

खाली झोपून बघायची चाचणी

याला ड्राय स्टीअर म्हणतात. खर्च शून्य आणि माझ्या मते या संपूर्ण लेखातली सगळ्यात मोलाची गोष्ट.

गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभी. जॅक नाही, रॅम्प नाही, कारण सांध्यांवर गाडीचं नेहमीचं वजन हवं. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला, चारही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. पॉवर स्टीअरिंग असेल तर इंजिन चालू हवं. एक जण आत बसून स्टीअरिंग डावी-उजवीकडे हलवतो: पूर्ण नाही, घड्याळाच्या 10 पासून 2 पर्यंत, एका लयीत, थोडं झटक्याने. दुसरा बाजूने खाली सरकून बघतो. चाकांच्या समोर झोपायचं नाही, बाजूला झोपायचं. कपड्यांची टोकं आत खोचा आणि फिरत्या पंख्यापासून व बेल्टपासून हात लांब ठेवा.

आमच्याकडे स्टीअरिंगवर मुलगी होती. मी स्टीअरिंग बॉक्सपासून सुरुवात केली आणि एक-एक सांधा बाहेरच्या बाजूला बघत गेलो: बॉक्सचा हात, ड्रॅग लिंकची (बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची) दोन टोकं, टाय रॉडची (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याची) दोन टोकं. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. सगळं एकत्र हलत होतं आणि एकत्रच थांबत होतं.

“बाबा, थांबू का? हात दुखले.”

“अजून दोनच मिनिटं फिरव गं, बोट लावून बघतो.”

हे बोट लावणं महत्त्वाचं. दोन भागांच्या जोडावर बोट आडवं टेकवायचं, एका बाजूला एक भाग, दुसऱ्या बाजूला दुसरा. फटीत घालायचं नाही, वरून टेकवायचं. डोळ्यांना न दिसणारी सरक बोटाला लगेच जाणवते, शिवाय सांध्यात होणारी बारीक ‘टक’ हाताला आधी कळते आणि कानाला नंतर. ट्रॅक बारच्या (एक्सलला आडवं सरकू न देणाऱ्या दांड्याच्या) एक्सलकडच्या ब्रॅकेटवर बोट टेकवलं आणि तिथे ती टक होती. दर वेळी स्टीअरिंगची दिशा बदलली की एक. बोल्टचं डोकं ब्रॅकेटपासून किंचित सरकून परत येत होतं. डोक्याच्या कडेला लालसर भुकटी साचली होती आणि एका बाजूला ब्रॅकेट घासून चकचकीत झालं होतं. दोन वर्षांत तीन वेगवेगळ्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढली होती, पण लिफ्टवर एक्सल लोंबत असतो आणि सांध्यांवर वजन नसतं. तिथे तो बोल्ट हाताने हलवून अगदी घट्ट वाटायचा.

ती लाल भुकटी ओळखायला शिका. ओल्या जागेचा गंज सगळीकडे पसरलेला असतो. दोन भाग एकमेकांवर घासले की बारीक पुडीसारखा गंज नेमका त्या जोडाभोवती जमतो. जिथे तो दिसेल तिथे आधी बोट लावा.

ट्रॅक बार

पॅनहार्ड रॉड म्हणा, ट्रॅक बार म्हणा, एकच. त्याचं एक टोक चासीला, दुसरं एक्सलला, आणि काम एकच: एक्सलला आडवं सरकू न देणं. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत एक्सलला बाजूने धरून ठेवायला तो एकटाच मुख्य आधार असतो. त्यामुळे त्याच्या एका टोकाला थोडी ढिलाई आली तरी अख्खा एक्सल तेवढा आडवा नाचतो. पाटे असलेल्या जुन्या गाड्यांत हे काम पाटेच करतात. तिथे शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचे) बुश, म्हणजे सांध्यातली रबरी नळी, पाट्यांचे मधले बोल्ट आणि यू-बोल्ट बघा.

ट्रॅक बारमध्ये बिघडण्यासारख्या तीन जागा आहेत. रबरी बुश फाटतो, तो पहारीने ताणून बघितला की दिसतो. काही गाड्यांत एका टोकाला बॉल जॉइंट (वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचा सांधा) असतो, तो झिजतो. आणि तिसरी जागा माझी: बोल्ट आणि ब्रॅकेटचं भोक.

हे तिसरं बहुतेक वेळा आपणच ओढवून घेतो. बुशच्या मधोमध लोखंडी नळी असते. बोल्टने ब्रॅकेटचे दोन कान आवळून त्या नळीला चिमटीत धरायचं असतं, आणि ही चिमटी इतकी घट्ट हवी की नळी सरकूच नये. जोर चिमटीने पेलायचा, बोल्टच्या दांड्याने भोकाला टेकून नव्हे. बोल्ट एक-दोनदा काढला, परत लावताना अंदाजाने आवळला, की चिमटी सैल होते आणि दांडा भोकात आपटायला लागतो. प्रत्येक आपटण्याबरोबर गोल भोक अंडाकृती होत जातं. माझ्या गाडीत स्प्रिंग बदलल्या तेव्हा हा बोल्ट निघाला होता. वॉबल त्यानंतर चार महिन्यांनी सुरू झाला. तारखा जुळवल्या असत्या तर तेव्हाच कळलं असतं.

बोल्ट काढून भोक कॅलिपरने दोन दिशांना मोजा. गोल असेल तर योग्य मापाचा, योग्य ग्रेडचा नवा बोल्ट आणि टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याएवढं आवळणं पुरतं. भोक लांबोडं झालं असेल तर नुसतं आवळून काही दिवस बरं वाटेल आणि ते परत सुटेल. जाड वॉशरसारखी चकती, जिचं भोक बोल्टच्या मापाचं नेमकं आहे, ती ब्रॅकेटवर वेल्ड करून घ्यावी लागते. हे काम चांगल्या वेल्डरकडूनच करा, कारण त्याच्यावर स्टीअरिंगचा भरवसा आहे. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढा, आणि जवळच्या रबराला ओल्या फडक्याने झाका किंवा ते काढून ठेवा.

रबरी बुश असलेला कोणताही बोल्ट शेवटचा आवळताना गाडी स्वतःच्या चाकांवर उभी हवी. एक्सल लोंबत असताना आवळलं तर बुश त्याच लोंबत्या स्थितीत पकडला जातो, गाडी खाली आली की पिळला जातो, आणि लवकर फाटतो. नवे बुश सहा महिन्यांत गेले अशी तक्रार करणाऱ्यांनी पार्टला नावं ठेवण्याआधी हे तपासावं.

बाकीचे सांधे

ट्रॅक बार घट्ट झाल्यावर माझा वॉबल नव्वद टक्के गेला. उरलेला एका बॉल जॉइंटमध्ये होता.

त्यासाठी पुढचं चाक जमिनीपासून उचला, एक्सलखाली घोडी लावा, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. चाकाला वरून आणि खालून धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन (चाक ज्याभोवती वळतं ती खीळ). मग टायरखाली पहार घालून चाक वर उचकटा आणि सांध्याकडे बघा. बॉल जॉइंटमधला उभा खेळ हातापेक्षा पहारीने चांगला उघडा पडतो. बाजूंनी धरून हलवताना खेळ येत असेल तर टाय रॉडची टोकं बघा.

जिम्नी, जुनी डिफेंडर, जुन्या लँड क्रूझर यांच्यात बॉल जॉइंटऐवजी किंगपिन असतात, आणि तिथे एक गोष्ट बऱ्याच जणांकडून सुटते. किंगपिनची बेअरिंगं थोड्या दाबाखाली बसवलेली असतात, त्यामुळे चाक वळताना ठराविक अडथळा जाणवायला हवा. झीज झाली की तो अडथळा जातो. खेळ नसतो, टक नसते, चाक फक्त जास्त मोकळं वळतं, आणि तेवढं वॉबलला पुरतं. टाय रॉड सोडून स्प्रिंग काट्याने ओढून किती जोर लागतो ते मोजतात आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवून शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करतात.

कंट्रोल आर्म किंवा रेडियस आर्मचे (एक्सलला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या दांड्यांचे) बुश पहारीने ताणून बघा, फाटलेलं रबर लपत नाही. स्टीअरिंग बॉक्स ज्या जागी चासीला बसतो तिथला पत्रा धुऊन, टॉर्च तिरकी धरून तडे शोधा. मोठे टायर लावलेल्या गाड्यांत ही जागा तडकते. बॉक्समध्ये खेळ असेल तर वरचा स्क्रू फिरवून तो काढायचा मोह होतो. मॅन्युअलप्रमाणे करणार असाल तरच हात लावा. जास्त आवळला की स्टीअरिंग मधोमध अडकतं, आपोआप सरळ होत नाही, आणि बॉक्स कायमचा खराब होतो.

लिफ्ट केलेली गाडी

चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो वरून किंचित मागे झुकलेला असतो. याला कॅस्टर म्हणतात, आणि वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होतं ते याच्यामुळे. आर्म तेच ठेवून नुसत्या उंच स्प्रिंग टाकल्या की एक्सल पुढच्या बाजूला फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. गाडी रस्त्यावर भटकायला लागते, सतत दुरुस्त करत चालवावी लागते. मग कोणी सांगतं म्हणून कॅस्टर भरमसाट वाढवला तर उलट शिमीला बळ मिळतं. कंपनीने दिलेल्या आकड्याच्या जवळ आणा. त्यासाठी सुधारित बुश किंवा लांबी बदलता येणारे आर्म मिळतात. लिफ्टनंतर ट्रॅक बारचा कोनही बदलतो आणि एक्सल किंचित एका बाजूला सरकतो. दोन्ही बाजूंना टायर फेंडरच्या किती बाहेर येतो ते मोजलं की कळतं.

टो, म्हणजे पुढची चाकं समोर आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते, घरी मोजता येतो. दोन्ही पुढच्या टायरवर मधोमध खडूने बिंदू करा, बिंदू पुढच्या बाजूला एक्सलच्या उंचीवर असताना अंतर मोजा, गाडी ढकलून तेच बिंदू मागच्या बाजूला त्याच उंचीवर आणा, पुन्हा मोजा. यातल्या बऱ्याच गाड्यांत पुढचं अंतर एक-दोन मिलिमीटरने कमी हवं असतं, पण नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलचा. आकडा जुळत नसेल तर अलाइनमेंटआधी ड्राय स्टीअर पुन्हा करा. ढिल्या सांध्यांवर केलेलं अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकतं.

डँपरबद्दल

डँपर म्हणजे टाय रॉडला आडवा लावलेला शॉक अॅब्सॉर्बर. तो बारीकसारीक धक्के पितो आणि खडबडीत रस्त्यावर हातांना आराम देतो. गेलेला असेल तर बदला: एक टोक सोडून हाताने दाबा-ओढा, पूर्ण लांबीभर सारखा अडथळा यायला हवा, मध्ये रिकामी जागा नको, तेल गळायला नको.

पण वॉबलवर उपाय म्हणून डँपर लावू नका. सगळे सांधे ठीक असलेल्या गाडीला वॉबल थांबवायला डँपर लागू नये. नवा, जाड डँपर ढिलाई दाबून ठेवतो, आणि त्याच्या आडोशाला भोक मोठं होत राहतं, बॉल जॉइंट झिजत राहतो. माझ्या गाडीत पहिला डँपर बसवला त्या दिवशी ते भोक बहुधा बोल्ट बदलून भागेल एवढंच बिघडलेलं होतं. दुसऱ्या डँपरनंतर वेल्डिंगला न्यावं लागलं.

दुरुस्तीनंतर

आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाची एक रेघ मारा, अर्धी नटवर, अर्धी ब्रॅकेटवर. पहिल्या 100 किलोमीटरनंतर आणि मग 500 नंतर टॉर्क पाना लावा. पुढे महिन्यातून एकदा, आणि दर चिखल-दगडांच्या फेरीनंतर, वाकून रेघा बघा. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरलाय. एका वेळी एकच गोष्ट बदला, त्याच रस्त्यावर चालवून बघा आणि वहीत तारीख, किलोमीटर, काय केलं ते लिहा.

गाडी गॅरेजला न्यायची असेल तर ‘वॉबल घालवा’ एवढंच सांगू नका. तेवढं सांगितलं की नवा डँपर लागतो. किती वेगाला सुरू होतो, कशावरून गेल्यावर, किती वेगाला थांबतो, टायर कधी बदलले, एक्सलखाली शेवटचं काम कधी झालं, हे लिहून न्या. आणि मिस्त्रींना विनंती करा की गाडी लिफ्टवर चढवायच्या आधी चाकांवर उभी असतानाच एकदा ड्राय स्टीअर करू, मी आत बसून स्टीअरिंग हलवतो, तुम्ही खालून ट्रॅक बारच्या दोन्ही बोल्टांवर बोट लावून बघा.